मोठ्या जावयाचा दुसरा गिअर

साडूबद्दल आपल्याला काय वाटतं हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. मार्तंडला तर बोलायची गरजच पडत नसे. विहंगचं नाव निघालं की त्याचा चेहरा पानात कारलं वाढल्यासारखा व्हायचा, आणि त्याची बायको कामिनी घाईघाईने विषय बदलायची.

विहंग येईपर्यंत सगळं झकास होतं. कामिनीच्या माहेरी मुलगा नाही, दोन मुलीच. कामिनी थोरली, चिन्मयी धाकटी. चिन्मयीचं लग्न होईपर्यंत पुष्कळ वर्षं मार्तंड हा त्या घरचा एकुलता एक जावई होता. नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्या घरात त्याची खुर्ची ठरलेली, त्याच्या पोळीवर तुपाची धार सैल हाताने पडायची, आणि तो बसलेला असताना सासूबाई शोभाताई नवऱ्यावरसुद्धा आवाज चढवत नसत. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह त्या घरात पाय पसरून सुखाने बसला होता.

सगळ्यात मोठा मान शनिवारचा. वीज मंडळातून निवृत्त झालेले सासरे, गोपाळराव, दर शनिवारी संध्याकाळी तेलंगखेडीच्या हनुमानाला जायचे ते मार्तंडच्या स्कूटरवर मागे बसून. ऑटोत त्यांना गुदमरायचं. दर्शन झालं की सासरे-जावई तर्री-पोहे खायचे, आणि ओळखीचं कोणी भेटलं की गोपाळराव म्हणायचे, "हे आमचे जावई." तेवढ्या शब्दांवर मार्तंड पुढचा आठवडा काढायचा. सदर भागातल्या सरकारी कचेरीत त्याला इतक्या आदराने कोणी हाकही मारत नव्हतं.

मग विहंग आला. मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीत नोकरीला, हसणं दोन घरं पलीकडे ऐकू जाणारं. जावई असून स्वयंपाकघरात घुसायचा आणि कढईतली भजी उभ्या उभ्या खायचा. गोपाळराव त्याच्यावर सरळ खेकसायचे. "पोट्ट्या, हात तर धू." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मार्तंडला बरं वाटलं. बघा, याची पायरी काय आणि आपली काय. पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं की खेकसताना म्हाताऱ्याचे डोळे हसतात. तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबलंच नाही.

त्यातच विहंगने दसऱ्यासाठी मोटरसायकल बुक केली. ही बातमी मार्तंडला मिळाली ती चिन्मयीचा फोन आलेला असताना बायकोच्या शेजारी कान टवकारून बसल्यामुळे. दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर तो सदरातल्या त्याच शोरूममध्ये गेला आणि तीच गाडी, त्याच काळ्या रंगात, बुक करून आला.

"अजी, स्कूटर काय चावत होती तुम्हाले?" कामिनीने विचारलं.

"लहान्या जावयानं मोटरसायकल उडवावी न मोठ्यानं स्कूटरवर फिरावं?"

ज्याने उभ्या जन्मात बिनगिअरच्या स्कूटरशिवाय काही चालवलं नाही, तो माणूस आता विहंगच्या तासभर आधी गाडी हातात पडावी म्हणून शोरूमवाल्यांच्या ओळखी काढत होता. पडलीही. दसऱ्याला शोभाताईंनी दोन्ही गाड्यांना ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. फाटकाशी दोन गाड्या जुळ्या बहिणींसारख्या उभ्या राहिल्या, आणि मार्तंडने आपली हळूच वीतभर पुढे सरकवली.

दिवाळी सरते न सरते तोच दृष्ट लागली. शनिवारच्या फेरीत, सेमिनरी हिल्सच्या चढावर, दुसरा गिअर खटकन सुटला. इंजिन नुसतं बोंबललं, गाडी जागीच मेली आणि गोपाळरावांचं कपाळ मार्तंडच्या हेल्मेटवर आपटलं.

"लागलं काय बाबा?"

"नाही, नाही. चालू द्या मार्तंडराव," म्हातारा कपाळ चोळत म्हणाला. टेंगूळ चांगलं सुपारीएवढं होतं.

शोरूमवाले म्हणाले, वॉरंटीत आहे साहेब, काळजी नको. त्यांनी काहीतरी आवळून दिलं. पंधरवडाभर गाडी बरी चालली, मग पुन्हा खटकन. मग त्यांनी गिअरबॉक्स उघडला आणि आतला गिअर ढकलणारा काटा झिजलाय म्हणून बदलला. थंडी संपेपर्यंत पुन्हा तेच. गाडी माहेरवाशिणीसारखी शोरूममध्ये जायची आणि आठ-आठ दिवस परतायची नाही. तिथले मिस्त्री चालवून बघायचे आणि म्हणायचे, "साहेब, आमच्याजवळ तर नाही सटकत."

"नवा गिअरबॉक्स द्यावा लागेल म्हणून नाही सटकत," मार्तंड म्हणायचा.

आणि ज्या शनिवारी त्याची गाडी शोरूममध्ये असायची, त्या शनिवारी गोपाळराव विहंगच्या मागे बसून जायचे. पुढे पुढे तर मार्तंडची गाडी दारात असली तरी म्हातारा म्हणायला लागला, "राहू द्या मार्तंडराव, तुमच्या गाडीले आराम द्या. विहंग येऊनच राहिला."

एका शनिवारी मार्तंड मुद्दाम ऑटो करून सासुरवाडीला गेला आणि फाटकाशी उभा राहिला. ते दोघं उशिरा आले. गोपाळरावांच्या शर्टावर तर्रीचा लाल डाग होता, आणि तोंडाचा पट्टा चालू होता. "तुले सांगतलं होतं न, खड्डा पाहून चालव? अक्कल गहाण ठेवली काय बे?" असं म्हणत त्यांनी उतरता उतरता विहंगच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"खड्डाच मधात आला बाबा," विहंग म्हणाला, आणि दोघंही हसले.

मार्तंडला तो माणूस इतक्या वर्षांत लागेल असा एक शब्दही बोलला नव्हता. याचा त्याला केवढा अभिमान होता. पण आता फाटकाशी उभ्या उभ्या त्याला हेवा वाटला, आणि सरळच सांगायचं तर त्या धपाट्याचा वाटला. आपण इथे मान खात बसलो आणि घर या उपटसुंभाने खाल्लं, असं त्याला वाटलं. त्या दिवशी त्याला चहाही गोड लागला नाही.

मग माणूस बिघडतो तसा तो बिघडला. जेवायला सगळे जमले की हा हात धुवायच्या निमित्ताने बाहेर जायचा आणि विहंगच्या गाडीखाली ऑईल गळतंय का ते वाकून बघायचा. एकदा विहंगनेच पकडलं.

"काय पाहून राहिले दादा?"

"चावी पडली."

"अंधारात कशी दिसेल? थांबा," म्हणून विहंग मोबाईलचा उजेड धरून त्याच्याबरोबर नसलेली चावी शोधायला लागला. असा भला माणूस साडू म्हणून मिळणं हासुद्धा एक छळच. मार्तंड तेलंगखेडीच्या हनुमानाला नारळ बोलला की एकदा, फक्त एकदा, याचाही गिअर सटकू दे.

वॉरंटी संपत आली तेव्हा मार्तंडने शोरूममध्ये असा काही तमाशा केला की त्यांनी कंपनीचा इंजिनिअरच बोलावला. तो ज्या शनिवारी येणार होता त्या दिवशी तशीच दुसरी गाडी ताडून बघायला आणा, असा निरोप आला. त्याच लॉटची गाडी सगळ्या नागपुरात मार्तंडच्या माहितीत एकच होती. त्याने फोन कामिनीकडून करवला. विहंगने अर्धा दिवस रजा टाकली आणि आला, आणि शनिवारच म्हणून गोपाळरावांनाही मागे बसवून घेऊन आला. इथून कोणाच्या गाडीवर तेलंगखेडीला जायचं हे कोणी बोललं नाही, पण मार्तंडच्या डोक्यात तेवढंच होतं. आज नवा गिअरबॉक्स मिळाला की शनिवार परत आपला.

इंजिनिअर कमी बोलणारा होता. त्याने आधी मार्तंडला त्याच्याच गाडीवर फेरी मारायला लावली. गिअर ठरल्यासारखा सुटला. मार्तंडने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं.

"आता गाड्या बदला," इंजिनिअर म्हणाला. "दोघं पुलापर्यंत जाऊन या."

विहंग मार्तंडच्या गाडीवर पुढे निघाला, मार्तंड विहंगच्या गाडीवर मागून. पहिला, दुसरा, तिसरा. त्याची स्वतःची गाडी, जिने त्याला वर्ष-दीड वर्ष रडवलं, ती विहंगखाली गरीब गाईसारखी चालली होती. सिग्नलला थांबली, पुन्हा दुसऱ्यात निघाली, कुठे हूं की चूं नाही. गाडीसुद्धा फितूर झाली म्हणायची.

परत वळल्यावर तो दुसऱ्या गिअरवर होता, आणि खटकन आवाज झाला. विहंगच्या गाडीचा गिअर सुटला होता. हनुमान पावला. एक क्षणभर त्याला इतका आनंद झाला की त्याने मान वर करून हसून घेतलं. मग त्याची नजर खाली गेली. त्याचा डावा पाय गिअरच्या लिव्हरवर आरामात टेकलेला होता. जन्मभर स्कूटरवर मोकळा राहिलेला पाय, त्याला टेकायला काहीतरी सापडलं होतं आणि तो सबंध भार टाकून बसला होता. घोडं इथे पेंड खात होतं.

तो शोरूमला पोचला तेव्हा विहंग उतरून उभा होता.

"काय झालं?" इंजिनिअरने त्याला विचारलं.

विहंग दाढी खाजवत म्हणाला, "सटकला सर. दोनदा."

"नक्की?"

"नक्की सर. दादा किती दिवसांचे सांगून राहिले."

इंजिनिअरने मान हलवली. "मग पूर्ण गिअरबॉक्स बदलून देऊ." तो मार्तंडकडे वळला. "आणि यांची गाडी? ठीक चालली ना?"

एक 'हो' म्हटलं की झालं. मार्तंडने विहंगकडे बघितलं. विहंगने कोणाला न दिसेल अशी मान हलवली, घ्या न दादा, काय फरक पडते. आणि बाकड्यावर बसलेले गोपाळराव विहंगकडे बघत होते. त्यांना खोटं कळलं होतं, आणि ते ज्या कौतुकाने त्याच्याकडे बघत होते ते बघून मार्तंडच्या अंगाची लाही झाली.

"साहेब, हा खोटं बोलून राहिला," तो म्हणाला. "माझी गाडी नाही सटकली याच्याजवळ. मी मागंच होतो. याच्या गाडीचा गिअर सटकला, तोही माझ्या पायानं. मी लिव्हरवर पाय ठेवून चालवतो."

याला कोणी प्रामाणिकपणा म्हणेल. कृपा करून म्हणू नये. साडूने दान दिलेला गिअरबॉक्स घेऊन जन्मभर त्याच्या उपकाराखाली गाडी चालवण्यापेक्षा मार्तंडला चारचौघांत मूर्ख ठरणं परवडलं, एवढंच.

"मग हे वॉरंटीत बसत नाही," इंजिनिअर म्हणाला, आणि आत निघून गेला. विहंगचा चेहरा पडला.

शेवटी गोपाळरावच बोलले. "मले माहीत होतं मार्तंडराव. मी मागं बसतो न. पहिल्या दिवसापासून पाहून राहिलो, पाय लिव्हरवरच असते तुमचा."

"मग सांगतलं काहून नाही बाबा?"

"जावयाले चूक कशी सांगाव? तुम्ही रुसले असते, न पोरीले ऐकून घ्या लागलं असतं."

"विहंगले तर उठता-बसता सांगता."

"त्याचं काय," गोपाळराव सहज म्हणाले. "तो घरचा पोट्टा झाला."

टेंगूळ आलं तरी 'चालू द्या' म्हणणारा हा माणूस. ती ठरलेली खुर्ची, ती तुपाची धार, शोभाताईंचा तो खालचा आवाज, सगळं मार्तंडच्या डोळ्यांसमोरून गेलं. इतकी वर्षं ते लोक त्याला मान देत होते की त्याला भीत होते, हे त्याला आता विचारायचंही धाडस होईना. इतकं वाईट त्याला गाडीपायी कधीच वाटलं नव्हतं.

त्याने आपली गाडी वळवून बाकड्याजवळ आणली.

"बसा बाबा."

गोपाळरावांनी विहंगकडे बघितलं, मग याच्याकडे. "कशाले, मार्तंडराव—"

"बसा. न पाय लिव्हरवर दिसला की पाठीत हाणा. विहंगले हाणता तसा. लाज नका करू."

म्हातारा बाकड्यावरून उठला. मग मार्तंडच्या खांद्याला धरून मागे बसला. "चला दादा, मी मागून येतो," विहंग म्हणाला.

सदर मागे पडेपर्यंत मार्तंडने पाय जपला. प्रत्येक गिअरनंतर तो काढून खाली ठेवत होता. सेमिनरी हिल्सचा चढ लागला, समोर एक बस आली, त्याचं लक्ष तिकडे गेलं, आणि पाय आपला पुन्हा जिथे जायचा तिथे गेला. मागे काही हालचाल झाली नाही. मार्तंडला वाटलं, नाहीच हाणणार हा. आपल्या नशिबी 'चालू द्या'च आहे.

तेवढ्यात पाठीत असा धपाटा बसला की त्याचं हेल्मेट हललं.

"पाय काढ न बे. किती डाव सांगू?"

"हो बाबा," मार्तंड म्हणाला. पाठ चांगली झणझणत होती. त्याने पाय काढला आणि आरशात बघितलं. विहंगची गाडी मागेच होती. त्याने हे पाहिलंच असेल, निदान पाहिलं असावं, अशी मार्तंडची फार इच्छा होती.