ज्याची त्याची फाईल

"आप्पा, बसा बसा. झालं माझं."

आप्पा खुर्चीतून अर्धे उठले होते. पलीकडच्या टेबलावर, ऑफिसात सगळे जिला 'जुळ्यांची आई' म्हणत त्या प्रोग्रामरचा हात वर गेलेला दिसला आणि सवयीने त्यांचे पाय तिकडे वळले. पण ती हे म्हणताना नुसता आळस देत होती.

"झालं म्हणजे? बिल्ड झालं?"

"पहिल्या फटक्यात! नव्या बाईंनी दिलेली फाईल टाकली, माझ्या चार ओळी भरल्या, संपलं. चहा घेऊन येईपर्यंत तयार."

"वा," आप्पा म्हणाले आणि खाली बसले. त्या 'वा'मध्ये नुसती हवा होती.

एकोणीस वर्षं आप्पा या कंपनीत एकच काम करत आले होते. बावीस प्रोग्रामर, चौदा प्रोजेक्ट. आणि प्रत्येकाच्या मशीनची तऱ्हा निराळी. कुणाचा डेटाबेस एका जागी तर कुणाचा दुसरीकडे, कुणाचा पासवर्ड वेगळा, कुणाला चाचणीचे मेसेज स्वतःच्या फोनवर हवे असत. एकाची सेटिंग चुकून सगळ्यांच्या सामाईक फाईलीत गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस जणांचं बिल्ड, म्हणजे प्रोग्राम जुळवून चालता करायचं काम, अडून लाल व्हायचं आणि "आप्पाऽऽ" अशी हाक उठायची. मग आप्पा टेबलाटेबलांवर फिरून एकेकाचं मशीन हाताने ताळ्यावर आणत. कुणाचं काय कुठे आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. साहेब पाहुण्यांना सांगत, "हे आमचे आप्पा. हे रजेवर गेले की आम्हीही रजेवर."

नवीन बाई येऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. पस्तिशीची, बोलायला मोकळी, कामाला वाघ. आल्या आल्या तिने विचारलं होतं, "प्रत्येकाच्या सेटिंगा सामाईक फाईलीत का लिहिता? सामाईक ते सामाईक. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या छोट्या फाईलीत. ती फाईल मशीनच्या बाहेर जाणारच नाही असं करून टाकू." साहेब खूश झाले. तिने सगळी रीत दीड पानात लिहून वाटली.

दीड पान! आप्पांना तेच जास्त झोंबलं. एकोणीस वर्षं डोक्यात वागवलेलं दीड पानात मावलं होतं, आणि वर खाली जागा शिल्लक होती. त्यांनी ते कागद तीनदा वाचले. तिसऱ्या वेळी एका शब्दात वेलांटी चुकलेली सापडली, तेव्हा त्यांची ती दुपार बरी गेली.

बाईच्या टेबलाशी कोण जातं, किती वेळ उभं राहतं, हसतं का, यावर त्यांचं बारीक लक्ष असे. पूर्वी ती माणसं त्यांच्याकडे यायची. कामाआधी घरचं बोलायची: मुलाचा ताप, गळका नळ, सासऱ्यांचं ऑपरेशन. बाईकडे कुणी घरचं बोलत नव्हतं. तिथे काम दोन मिनिटांत आटपायचं. पण हसायचे सगळे. कशाला हसत असतील?

"कालपासून तिसऱ्यांदा तिचं नाव काढलंत," बायको डबा भरता भरता म्हणाली. ती रुग्णालयात नर्स होती. दुखणं कुठे आहे हे तिला न विचारता कळे. "एवढी वाईट आहे?"

"वाईट कुठे म्हणालो? आयत्या पिठावर रेघोट्या ओढतेय, एवढंच."

"म्हणजे काम चांगलं करतेय."

आप्पांनी डबा उचलला आणि झाकण घट्ट आहे का ते उगाच दोनदा पाहिलं.

त्याच दिवशी बाई वही घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. स्टूल ओढून बसली. "आप्पा, तेरा प्रोजेक्ट झाले. राहिला बसकंपनीचा जुना. उद्या सकाळी तोही नव्या पद्धतीवर आणते. त्यात काही खाचखळगे?"

होता. एकच खळगा होता, पण खोल होता. बाकी प्रोजेक्टांत आधी सामाईक फाईल वाचली जाई आणि मग ज्याची त्याची. त्यामुळे शेवटचा शब्द माणसाच्या स्वतःच्या फाईलीचा. जुन्या प्रोजेक्टात क्रम उलटा होता. तिथे शेवटचा शब्द सामाईक फाईलीचा. बारा वर्षांपूर्वी आप्पांना ते कळलं होतं आणि त्यांनी ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं. हाताने निस्तरत आले होते. म्हणजे उद्या कुणी आपल्या फाईलीत 'मेसेज माझ्याच फोनवर पाठव' असं लिहिलं, तरी प्रोग्राम ते पुसून खऱ्या प्रवाशांनाच मेसेज पाठवणार.

हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

"आप्पा?"

"विशेष काही नाही," आप्पा म्हणाले. "तुम्हाला काय, जमेलच."

ती 'थँक्यू' म्हणून उठली. आप्पांना वाटलं, फार तर बिल्ड अडेल. अडलं की येतील परत. एकदा तरी "आप्पाऽऽ" अशी हाक ऐकू येईल. त्यांनी मनाला एवढंच सांगितलं आणि पुढचा विचार केला नाही. करायचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला जुळ्यांच्या आईने जुन्या प्रोजेक्टाची चाचणी लावली. तिने आपल्या फाईलीत स्वतःचा फोन नंबर लिहिला होता. बिल्ड अडलं नाही, हिरवंगार झालं. तिचा फोन मात्र वाजलाच नाही. तासाभराने साहेबांचा वाजला.

दुपारच्या गाड्यांच्या चारशे बारा प्रवाशांना मेसेज गेला होता: 'आपली गाडी रद्द झाली आहे.' गाड्या रद्द झाल्या नव्हत्या. त्या रिकाम्या सुटत होत्या. कुणी अर्ध्या वाटेवरून घरी परतलं होतं, एका मुलीची परीक्षा चुकणार होती, आणि बसकंपनीचा माणूस फोनवर इतका ओरडत होता की ते साहेबांच्या केबिनबाहेर ऐकू येत होतं.

"अहो, मी माझाच नंबर लिहिला होता! बघा ना, हा बघा," जुळ्यांची आई स्क्रीनवर बोट ठेवून म्हणत होती.

"मग गेले कसे?" साहेब म्हणाले. "तुमचं लक्ष सगळं घड्याळाकडे. पाच कधी वाजतात आणि घरी कधी पळते! हे असं चालणार नाही, सांगून ठेवतो."

बाई शेजारच्या खुर्चीवर बसून भराभर ओळी चाळत होती. "साहेब, थांबा. चूक त्यांची नसेल. माझीच असेल. मी शोधते."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ती हे सगळ्यांसमोर सहज म्हणाली होती. त्यांना तिच्या हुशारीचा हेवा वाटला होता, तिच्याभोवतीच्या माणसांचा वाटला होता; पण या क्षणी जो वाटला तसा नव्हता. असं बोलणं आपल्याला एकोणीस वर्षांत कधी जमलं होतं का, ते त्यांना आठवेना.

ते उठले. या वेळी कुणीच हाक मारली नव्हती.

"शोधू नका," ते म्हणाले. "त्या प्रोजेक्टात वाचायचा क्रम उलटा आहे. सामाईक फाईल नंतर वाचतात. मला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणजे? आत्ता आठवलं?" साहेबांनी विचारलं. त्यांनी आप्पांना सुटायची वाटच करून दिली होती.

"नाही. कालही माहीत होतं. बाईंनी विचारलं होतं. मी सांगितलं नाही."

जुळ्यांच्या आईने आप्पांकडे पाहिलं, आणि मग नजर काढून घेतली. ते त्यांना साहेबांच्या पुढच्या दहा मिनिटांपेक्षा जड गेलं.

चौकशी झाली. लेखी ताकीद मिळाली. आप्पांकडे आता तो एकच जुना प्रोजेक्ट ठेवला. त्याचा उलटा क्रम सरळ करायचा आणि झाल्या गोष्टीचं पत्र बसकंपनीला स्वतःच्या सहीने लिहायचं. पत्र त्यांनी लिहिलं. जुळ्यांच्या आईची माफीही मागितली. ती म्हणाली, "असू दे, आप्पा." पण घरचं काही बोलली नाही.

सोमवारी सकाळी बाई आली. स्टूल ओढलं नाही, उभीच राहिली.

"बावीस जणांच्या फाईली झाल्या. तुमची तेवढी नाही."

"माझी? मी कुठे प्रोग्राम लिहितो?"

"आता लिहाल ना." ती जायला वळली, थांबली. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो," आप्पा म्हणाले. "विचारलं होतंत."

ती गेली. आप्पांनी रिकामी फाईल उघडली. कुणाला काळी पार्श्वभूमी लागते, कुणाला पांढरी, कोण आवाज बंद ठेवतं, सगळं त्यांना पाठ होतं. स्वतःला काय लागतं याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. मग पहिली ओळ लिहिली: अक्षरांचा आकार, बारा. पुसलं. चोरून आजूबाजूला पाहिलं. कुणी बघत नव्हतं.

त्यांनी अठरा लिहिलं आणि फाईल जतन केली. पडद्यावरची अक्षरं मोठी झाली. आप्पा खुर्चीला पाठ टेकून बसले, आणि पुढे न वाकता वाचू लागले.