तोंडावरचं बोट

काकू ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाल्या, तेव्हा काकांच्या जिवात जीव आला. काकांची नजर अधू झाल्यापासून गाडी दारात धूळ खात होती आणि मुलानं गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. आता ही परीक्षेत तिसऱ्यांदा आपटली की गाडी विकायची, असं बापलेकांनी ठरवून टाकलं. काकूंना विचारतो कोण! त्यांची धाकटी बहीण गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात अंथरुणाला खिळून होती. तिकडे बस जात नव्हती. गाडी गेली, की बहीण गेल्यातच जमा.

बरं, काकू मठ्ठ होत्या म्हणावं, तर तसंही नाही. पण त्यांना शिकवलं कसं? शाळेत हाताची घडी, तोंडावर बोट. सासरी सासूबाईंच्या मागे मुकाट उभं राहायचं आणि बघून घ्यायचं. काही विचारलं, की "एवढंही कळत नाही?" ठरलेलं. आपल्याला असंच शिकता येतं, अशी त्यांची स्वतःचीच समजूत झाली होती. गाडी शिकणंही तसंच चाललेलं. काका ओरडणार, काकू मान डोलावणार, गाडी आचके देऊन बंद पडणार.

एका दुपारी काका घोरत असताना काकू अंगणात एकट्याच गाडीत बसल्या आणि वैतागून गाडीलाच झापायला लागल्या. आता क्लच दाबते. पहिला गिअर टाकते. हळू सोडतेय गं बये, धीर धर जरा. गाडी गुमान फाटकापर्यंत गेली आणि तशीच मागे आली. काकूंना आधी हसू फुटलं, मग संताप आला. एवढी वर्षं तोंड दाबून काय मिळवलं? त्या दिवसापासून त्यांनी तोंडाची टकळी चालू ठेवूनच सराव केला. शेजारणी खुसखुसल्या, काकांनी कपाळाला हात लावला. काकूंनी ढुंकून पाहिलं नाही.

परीक्षेला काका हट्टानं मागच्या सीटवर बसले. काकूंनी आरशापासून बोलायला सुरुवात केली, तोच शेजारी बसलेल्या परीक्षकांनी बडबड बंद करायला सांगितलं. काकू सवयीनं गप्प झाल्या. चढावर गाडी बंद पडली. मागून हॉर्न वाजायला लागले. हिला काही जमायचं नाही, असं काका पुटपुटले.

"मनातल्या मनात बोला ना, काकू," परीक्षक म्हणाले.

"जन्मभर मनातल्या मनातच बोलले, साहेब. त्यानं फक्त गप्प बसायला शिकले. नापास करायचं तर करा, पण मी बोलणार."

आणि त्या बोलल्या. हँडब्रेक, क्लच, गिअर, एकेकाचं नाव घेत, चांगल्या खणखणीत आवाजात. गाडी चढ चढून गेली. परीक्षकांनी गाडी बंद पडल्याचे गुण कापले. बोलण्याचे कापायला त्यांच्याकडे रकाना नव्हता. काकू काठावर पास झाल्या.

परीक्षकांना उतरवून त्या चौकात आल्या. घर डावीकडे होतं. काकूंनी उजवीकडचा दिवा लावला.

"अगं, इकडे कुठे? घर तर..."

"थांबा," काकू म्हणाल्या, "माझं बोलणं चाललंय. आरसा बघितला. मागे कुणी नाही. आता बहिणीकडे वळते."

मागच्या सीटवर काकांनी हाताची घडी घातली.