पाठीला बंद नसलेला झगा

मी दवाखान्याचा झगा बोलतोय. पैठणी बोलायला लागली असती तर तुम्ही पाट मांडून ऐकलं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी थोडा वेळ द्या. मला बोलायची सवय नाही, आणि आजवर कुणी विचारलंही नाही.

माझा जन्म नागपुरातल्याच एका गिरणीत झाला. जाडंभरडं पांढरं कापड होतो मी. तागा होऊन धंतोलीच्या बाजूच्या एका बायकांच्या धर्मादाय दवाखान्यात आलो. तिथल्या शिंप्यानं मला कापलं, दोन बाह्या लावल्या, पुढून गळा शिवला आणि पाठ वरपासून खालपर्यंत उघडी सोडली. डॉक्टरांना तसं सोयीचं पडतं म्हणे. मग त्या उघड्या पाठीवर त्यानं गाठ मारायला बंद शिवले आणि छातीवर काळ्या शाईचा शिक्का मारला, 'बाळंतपण विभाग'. शिक्का पुढं कित्येक वर्षं शाबूत राहिला. बंद मात्र पहिल्याच वर्षी गेले.

धोब्याच्या भट्टीत सोड्याच्या उकळत्या पाण्यात ते झिजले, पिळताना तुटले. शिंपी तोवर म्हातारपणामुळे घरी बसला होता आणि त्याच्या जागी कुणी आलं नव्हतं. बाही फाटली असती तर कुणाच्या तरी नजरेत आलं असतं. बंद तुटले ते पाठीमागं, आणि पाठीमागचं कुणाला दिसतं? जिची पाठ, तिलाही दिसत नाही. तिला फक्त वारा लागतो.

आमच्या दवाखान्याची बांधणीही पाहण्यासारखी. वॉर्ड एका टोकाला, बाळंतपणाची खोली दुसऱ्या टोकाला, आणि मधे लांबलचक व्हरांडा. त्या व्हरांड्यात नातेवाईक बसत. डबे घेऊन आलेले दीर, सासरे, भाऊ, आणि कुणाचे कोण ते कुणालाच ठाऊक नसलेले दोघंतिघं. चाकांची खाट एकच, आणि तिचं चाक कायम दुरुस्तीला गेलेलं. त्यामुळं कळा वाढल्या की मला अंगात घालून बाईला त्या व्हरांड्यातून चालत नेत. एक हात पोटाखाली, दुसरा पाठीमागं, माझी दोन टोकं मुठीत धरून. कळ आली की मूठ सुटायची.

काही पुरुष तोंड फिरवत. काही फिरवत नसत, ते खोकत. खोकल्यानं काय झाकलं जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

मग बाया निघून जायच्या. संध्याकाळी खाटेवर होत्या, सकाळी नव्हत्या. मी तेवढा उशाशी घडी करून ठेवलेला. दवाखान्यात सगळे म्हणत, "या बायकांना दवाखान्याचं महत्त्वच कळत नाही. दाईच्या हातची सवय लागलेली." मी उशाशी पडून ऐकत असे. दाई अंधारल्या खोलीत, लुगडं सावरून, आपल्या माणसांत बाळंतपण करते. आमच्या इथं औषध चांगलं, हात चांगले, सगळं चांगलं. फक्त मधे तो व्हरांडा आणि मी.

एकोणीसशे सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला उत्तराबाई डॉक्टरीण म्हणून आल्या. पुण्याकडच्या, तरुण, मनानं फार चांगल्या. बाया का पळतात हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्यांनी विचारलं, हे खरं. पण एकीलाच विचारलं. महाल भागातल्या यमुताई सुनेला घेऊन आल्या होत्या, त्यांना. यमुताई गरजल्या, "डॉक्टरीणबाई, भरल्या पोटाच्या सवाष्णीच्या अंगावर पांढरं? विधवा का आहे माझी सून? तुम्हाला काही वाटतं की नाही?"

उत्तराबाईंचे डोळे खाडकन उघडले. आठ दिवसांत आम्हा सगळ्या झग्यांची गाठोडी गांधीबागेकडच्या एका रंगाऱ्याकडं निघाली. रंग ठरला हिरवा. चुड्याचा, ओटीच्या खणाचा. रंगाऱ्यानं काठीनं मला हंड्यात दाबलं तेव्हा मी बुडबुड्यांतून ओरडत होतो, "अहो, रंग नको, बंद! बंद लावा!" पण हंड्यात सगळेच बुडबुडे सारखे.

परत आलो तो पोपटासारखा होऊन. पहिल्या आठवड्यात बाळंतिणींची अंगं हिरवी निघाली. एका पोराची तर टाळूच हिरवी झाली, त्याच्या आजीनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. उत्तराबाई मात्र खूश होत्या. आता बाया थांबणार.

त्याच उन्हाळ्यात प्रेमिला आली.

नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली पोर, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सायकलरिक्षातून तिला घेऊन आली बायजाबाई, त्यांच्या वस्तीची दाई. अर्धी वस्ती तिच्या हातावर जन्मलेली. मागून सासू कांताबाई आणि सासरे गोपाळराव. बायजाबाईनं पायरीवरूनच सांगायला सुरुवात केली, "बाई, हिच्या पायाले सूज आहे, तोंडाले सूज आहे. डोकं दुखून राह्यलं, डोळ्यापुढे काजवे दिसून राह्यले म्हणते. हे माह्या हातचं नाही. आमच्या वस्तीतल्या कौशल्याचं असंच झालं होतं, थे झटके येऊन गेली. हिले ठेवून घ्या."

उत्तराबाईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. पुन्हा पाहिला. मग कांताबाईंना म्हणाल्या, "बरं झालं आणलीत. हिला आता घरी न्यायचं नाही. झटके आले तर आई आणि मूल, दोघांच्याही जिवावर बेतेल."

बायजाबाईनं सुस्कारा सोडला. तेवढ्यात चारुशीला सिस्टर म्हणाल्या, "दाई बाहेर. दाईला आत परवानगी नाही." बायजाबाईच्या कमरेच्या पिशवीतली ओव्याची पुरचुंडीही त्यांनी पाहिली. "आणि इथं धुरीबिरी चालणार नाही."

"धुरी कोण देते वं?" बायजाबाई म्हणाली. "बाळंतिणीले चावाले आहे तो. मी कायले जाळून राह्यली तुमचा दवाखाना?" आणि व्हरांड्यात जाऊन बसली.

प्रेमिलाची साडी सोडून गाठोड्यात बांधली आणि मला तिच्या अंगात घातलं. कांताबाईंनी मला न्याहाळलं.

"हे हिरवं काहून?"

उत्तराबाई अभिमानानं म्हणाल्या, "बायकांना पांढरं चालत नाही ना, म्हणून मुद्दाम रंगवून घेतलं."

"कोणत्या बायायले?" कांताबाई म्हणाल्या. "आमच्या प्रेमिलाचं लगन पांढऱ्या लुगड्यात लागलं. बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हापासून आमचं सारं शुभ पांढऱ्यातच होते, बाई."

उत्तराबाईंचा चेहरा उतरला. "मग हिरवं चालत नाही का?"

"चालते ना. रंगानं काय होते?" कांताबाईंनी सुनेला वळवलं. "पण याचं मागून कुठी गेलं?"

माझ्या धाग्याधाग्यात आनंद भरला. शेवटी कुणीतरी विचारलं! पण त्याच क्षणी उत्तराबाईंना पलीकडच्या खाटेवरून हाक आली आणि त्या धावल्या. उत्तर दिलं सिस्टरनं. "तसंच असते ते."

दिवेलागणीला कळा वाढल्या. सिस्टरनं उठवलं. प्रेमिला माझी टोकं मुठीत धरून वॉर्डाच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. समोरच बाकावर गोपाळराव डबा घेऊन बसले होते. भला माणूस. सुनेला दिसावं म्हणून मुद्दाम दारासमोर बसलेला. त्यांच्यासमोर तिचा डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता, आणि आज तर पदरच गाठोड्यात होता. ती मागं फिरली आणि खाटेवर येऊन बसली, पाठ भिंतीला टेकून.

"मी नाही जात."

"सगळ्या जातात," सिस्टर म्हणाल्या.

"मले माह्या साडीत जाऊ द्या."

"साडी चालत नाही तिकडं."

"मग मले घरीच जाऊ द्या. बायजामाय करते माह्यं."

खिडकीच्या गजांतून बायजाबाईचं तोंड दिसलं. "मी नाही करत वं तुह्यं! मले येत नाही तुह्यं करणं, ऐकलं का? कौशल्यापायी वर्षभर जेवण गोड लागलं नाही मले. उठ!"

प्रेमिला उठली नाही. तिचं कपाळ ठणकत होतं, मला बाहीतून जाणवत होतं. ती मनगटानं डोळे दाबत होती. उत्तराबाई धावत आल्या, तिच्याजवळ वाकल्या. "काय झालं गं? रंग आवडला नाही का? एखादा पांढरा उरलाय का बघू?"

रंग! मला वाटलं, आपणच उभं फाटावं म्हणजे तरी या बाईला दिसेल. प्रेमिलानं मान खाली घातली. नव्या सुनेनं मोठ्या डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं? 'माझी पाठ उघडी पडते, आणि मामाजी बाहेर बसलेत'? असली वाक्यं तिला माहेरी कुणी शिकवली नव्हती, सासरी कुणी ऐकली नसती. आणि वेळ तर जात होता. उत्तराबाईंनी सिस्टरकडं पाहिलं, सिस्टरनं घड्याळाकडं.

तेव्हा प्रेमिलाची नजर शेजारच्या रिकाम्या खाटेवर गेली. तिथं माझ्यासारखाच एक झगा घडी करून ठेवला होता, येणाऱ्या बाईसाठी. तिनं हात लांबवून तो ओढला, आणि उघडी बाजू पुढं करून माझ्यावरून चढवला. पुढून मी, मागून तो. दोन अर्धवट झग्यांचं मिळून एक अंगभर वस्त्र झालं.

"अगं, एका बाईला एकच!" सिस्टर ओरडल्या. "धोब्याची मोजणी चुकते!"

"हाव, बाई एकच आहे," प्रेमिला उठता उठता म्हणाली. "पण बाईले पाठपण असते, सिस्टर."

"जाऊ द्या, जाऊ द्या तिला," उत्तराबाई घाईनं म्हणाल्या. "आणि त्या दाईलाही घ्या आत."

ती व्हरांड्यातून गेली तेव्हा तिचे दोन्ही हात मोकळे होते. एक पोटावर, एक बायजाबाईच्या खांद्यावर. गोपाळराव डबा सावरत उभे राहिले. "जाय पोरी, भेऊ नको." कुणालाही खोकावं लागलं नाही.

आत उत्तराबाईंचा हात कमालीचा स्थिर होता. सुई वेळेवर टोचली, खोलीतले दिवे मंद केले, आणि बायजाबाई उशाशी बसून हलक्या आवाजात बोलत राहिली. झटका आला नाही. मुलगी झाली, काळीसावळी, संतापलेली. मी तिचा पहिला ओलावा टिपला. त्या घटकेला मला माझ्या शिंप्याचा अभिमान वाटला.

इथंच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती.

चौथ्या दिवशी वरून पाहुणे आले, आरोग्याच्या कामावर देखरेख करणारे. उत्तराबाईंनी त्यांना मनापासून सांगितलं, "रंग बदलल्यापासून बायका थांबतात. ही प्रेमिला निघालीच होती घरी." पाहुण्यांतल्या एक बाई प्रेमिलावर वाकल्या. "रंग आवडला ना?"

प्रेमिला पोरीला पाजत होती. दोन्ही झगे अजून अंगावर होते, तिनं सोडलेच नव्हते. ती हळू पण स्पष्ट म्हणाली, "रंगाचं नाही, बाई. याले मागून बंद लावा."

सगळे हसले. वाईट मनानं नाही, मायेनं हसले. एकजण म्हणाले, "पाहा, बोलायला लागल्या बायका!" आणि मंडळी पुढच्या खाटेकडं गेली. ती बोलली, याचं सगळ्यांना कौतुक. काय बोलली, ते तिथंच खाटेवर राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून जादाचे झगे कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं. एका बाईला एक. धोब्याची मोजणी आता चुकत नाही.

पुढं उत्तराबाई दुसऱ्या गावी गेल्या. जाताना रडल्या, वॉर्डही रडला. हिरवा रंग भट्टीत गळून गेला. मी आता ना हिरवा ना पांढरा, शेवाळलेल्या भिंतीसारखा आहे. शिक्काही पुसट झालाय. नव्या डॉक्टरीणबाईही चांगल्याच आहेत. त्या म्हणतात, झग्यांवर बारीक फुलांचा छापा करून घेऊ, बायकांना घरच्यासारखं वाटेल.

आज दुपारी हुडकेश्वरकडच्या खेड्यातली एक पोरगी आली आहे. पहिलटकरीण. मला अंगात न घालता मांडीवर घेऊन बसली आहे आणि लांब व्हरांड्याकडं पाहते आहे. तिच्या गावची दाई फाटकाबाहेर उभी आहे. कळा जवळजवळ येताहेत. प्रत्येक कळेला ती मला आवळते, म्हणून मला कळतं. सिस्टर दोनदा ओरडून गेल्या. आता नव्या बाई येतील, आणि भीती वाटते की फुलं कोणत्या रंगाची हवीत असं विचारतील.

बाई, फुलं राहू द्या. तिच्या खाटेवर बसा, तिच्या बाजूनं त्या व्हरांड्याकडं पाहा, आणि विचारा, "काहून उठत नाहीस वं?" मग ती बोलेपर्यंत थांबा. वेळ लागेल. नवी सून आहे.

आणि तोवर, व्हरांड्यातल्या भावांनो, तुम्ही तरी जरा भिंतीकडं तोंड करून बसा.