दाराआडचं गाणं

बाईंचा आवाज उद्या सकाळी जायचा होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गाठ स्वरयंत्रात आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचेल, आवाज वाचणार नाही. तोवर बोलणं अगदी जपून, कारण घसा कधी साथ सोडेल याचा नेम नाही. जन्मभर शाळेत गाणं शिकवलेल्या बाई त्या दिवसापासून हातवाऱ्यांवर आल्या, आणि घर इतकं गप्प झालं की नळाचं ठिबकणंसुद्धा आगाऊपणा वाटू लागला.

नवऱ्याला त्या 'तपासनीस' म्हणत. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. स्वभाव भिडस्त, चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटायचा. पण या वेळी ते बाजारात जाऊन, दुकानदाराला तीनतीनदा विचारून, माईक आणि लांब वायर घेऊन आले. मुलगी तान्ही असताना बाईंनी एक अंगाई रचली होती. ती शाळेत कधी शिकवली नाही, कुणाला दिली नाही. ती लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायची होती. संध्याकाळी इस्पितळात भरती व्हायचं होतं. जे काय करायचं ते या दुपारीच.

माईकबरोबर आलेली माहितीपुस्तिका तपासनिसांनी अथपासून इतिपर्यंत वाचली आणि वाचता वाचता पेन्सिलीनं तिच्यातल्या चुकाही दुरुस्त केल्या. बाईंनी कपाळावर हात मारला.

"अगं, चूक ती चूक," ते ओशाळून म्हणाले.

लॅपटॉप जुना होता, त्याचा पंखा दमेकऱ्यासारखा घरघरायचा. ती घरघर गाण्यात नको म्हणून त्यांनी माईक झोपायच्या खोलीत बाईंच्या खुर्चीसमोर उभा केला, भिंतींना रजया टांगल्या, वायर दाराखालच्या फटीतून स्वयंपाकघरात आणली आणि लॅपटॉप ओट्यावर ठेवून त्याला जोडला. पडद्यावर अक्षरं आली: 'अंतर्गत मायक्रोफोन – चालू'. त्यांनी ती दोनदा वाचली. एकही चूक नव्हती.

आता आवाज तपासायचा. पण बाईंना "हॅलो, हॅलो" करायला लावायचं त्यांच्या जिवावर आलं. घशात उरलंय किती, त्यातलं तपासण्यात कशाला घालवायचं? मग त्यांनीच पडद्याशी वाकून हळूच "एक, दोन, तीन" म्हटलं. हिरवी पट्टी टुणकन उडाली. त्यांचा जीव भांड्यात पडला. दार किलकिलं करून त्यांनी बाईंना मान हलवून खूण केली आणि दार लावून घेतलं.

बाई गायल्या.

दाराआडून ते फार बारीक ऐकू येत होतं. तपासनिसांनी ओट्याची कड घट्ट धरली. पट्टी उडत होती, पडत होती, पुन्हा उडत होती. सगळं साठतंय, ते मनात म्हणत होते, सगळं साठतंय. अंतऱ्याला बाईंचा आवाज चिरकला, सावरला, आणि शेवटच्या ओळीत विझूनच गेला. मग नुसता खोकला.

ते आत धावले. बाईंनी पाण्याचा पेला हातात घेतला आणि बोट गळ्यावरून आडवं फिरवलं. आता नाही.

"नकोच. झालं की," ते म्हणाले. "सुरेख झालं."

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी हेडफोन कानाला लावला. आधी नळ ठिबकला. मग कुणीतरी नाक ओढलं. मग एक घोगरा, घाबरा पुरुषी आवाज कुठल्या तरी सुरात गुणगुणू लागला, मधेच थांबून हुंदका गिळून पुन्हा गुणगुणू लागला. आणि त्याच्या पार पलीकडे, तळघरातून यावा तसा, बाईंचा सूर.

तो घोगरा आवाज आपला आहे हे कळायला त्यांना वेळ लागला. आपण गुणगुणत होतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी वायर काढली, जोडली, पुन्हा काढली. गाणं पुढे ओढून ऐकलं, मागे ओढून ऐकलं. तेच. ते फरशीवरच बसले. तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती परगावी नर्स होती, ड्यूटीमुळे दुपारभर तिचा फोन कपाटात बंद होता.

"झालं का गाणं?"

त्यांनी तुटक तुटक सांगितलं.

"बाबा, पडद्यावर माईकचं नाव काय आहे?"

"अंतर्गत मायक्रोफोन."

"तो लॅपटॉपचा स्वतःचा. तुम्ही आणलेला तिथून निवडावा लागतो. म्हणजे ओट्याजवळचं तेवढं आलं. वाचलं नव्हतंत?"

"वाचलं होतं. दोनदा. बरोबर छापलेलं होतं गं."

"आई परत म्हणेल?"

"तिचा आवाज बसला."

"दुसरा निवडून ठेवा तरी. आणि माईकची जाळी नखानं खरवडून बघा. पट्टी हलली तरच तो चालू. मी रात्रीच्या गाडीनं निघतेय."

फोन ठेवून ते वळले तर बाई दारात. त्यांनी हात पुढे केला. हेडफोन द्यावा की लपवावा हे तपासनिसांना ठरवता येईना, पण बाईंनी तो काढूनच घेतला. शेवटपर्यंत ऐकलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मी घात केला," ते म्हणाले. "तुझं शेवटचं गाणं मी घालवलं."

बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. तपासनिसांनी दुसरा माईक निवडला. बाई खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या आणि नखानं जाळी खरवडली. पट्टी उडाली. तपासनिसांनी रेकॉर्डिंग सुरू केलं. मग बाईंनी नवऱ्याला खुणेनं बोलावून समोरच्या पलंगावर बसवलं, माईक दोघांच्या मधे ओढला, आणि नुसत्या श्वासात म्हणाल्या, "म्हणा."

"मी? अगं, मला..."

"तुम्हालाच येतं. अंतऱ्यात दोनदा चुकलात. म्हणा."

आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्यासमोर गायले. आवाज फाटत होता. बाईंनी खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला. चुकलं की त्या मान हलवत, माईककडे झुकत आणि उरल्यासुरल्या श्वासात ती जागा त्यांना दाखवत. इथं खाली. इथं थांबायचं. घाई नको.

बाहेर ऊन भिंतीवरून उतरत चाललं होतं. तपासनिसांना वाटलं, हे आपलं बेसूर कुणी ऐकू नये. आणि तरी थांबायची छाती होईना. ते थांबले असते तर बाईही थांबल्या असत्या.

शेवटच्या ओळीला ते पुरते कोसळले. तळव्यांनी तोंड झाकून बसले. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग शाळेत वर्गावर्गांतून म्हणत आल्या होत्या तोच शब्द त्या माईकजवळ जाऊन म्हणाल्या.

"पुन्हा."