न सांगता घेतलेली परीक्षा

माझ्या दादाला पगार मिळतो तो लोकांची धांदल उडवण्याचा. मोठमोठ्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत जाऊन तो कुणालाही कल्पना न देता आगीची घंटा वाजवतो आणि माणसं जिन्याने कशी उतरतात ते बघत दारात उभा राहतो. कुणी पर्स घ्यायला मागे वळलं, कुणी लिफ्टचं बटण दाबलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. आधी सांगून घेतलेला सराव म्हणजे नुसतं नाटक, असं तो जेवताना ऐकवतो, भाजी निवडताना ऐकवतो, पाहुण्यांना चहा देतानाही ऐकवतो. घरात त्याला उलट कुणी बोलत नाही, मी सोडून.

त्याची मुलगी, आमची भिंगरी, सातवीत आहे. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून मीच तिचं ते नाव पाडलं होतं. शाळा बदलल्यापासून मात्र पोरगी तासन्‌तास एका जागी बसून कॉम्प्युटरवर चित्रं काढायची. कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत, स्क्रीन स्वयंपाकघरातून दिसेल अशी ठेवलेली. ती कुणाशी काय बोलते ते दादाच्या आणि वहिनीच्या फोनवर उमटेल अशी सोयही दादाने करून ठेवली होती. भिंगरीला ते माहीत होतं, पण चित्रांच्या नादात ती ते विसरूनही गेली होती, आणि तिची काही तक्रार नव्हती. माझीही नव्हती. मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते आणि चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा बदलायला आलेल्या आया काय काय सांगतात ते मी रोज ऐकते. मुलांशी गोड बोलून त्यांना घराबाहेर बोलावणारी माणसं असतात, आणि ती काही कपाळावर लिहून येत नाहीत.

पण नुसतं लक्ष ठेवून दादाचं कधी समाधान झालंय? पोरगी अनोळखी माणसाला भुलते का, हे त्याला तपासून बघायचं होतं. म्हणून त्याने कॉम्प्युटरवर 'निळी शाई' नावाची एक खोटी मुलगी तयार केली. वय तेरा, चित्रांची आवड, स्वभाव लाजाळू. दादाला प्रेमाच्या दोन ओळी लिहायच्या म्हणजे घाम फुटतो, त्यामुळे लिहायचं काम वहिनीच्या गळ्यात पडलं. वहिनी गॅस कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसते. चिडलेल्या माणसाला चार वाक्यांत गार करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

निळ्या शाईने भिंगरीच्या मांजराच्या चित्राचं कौतुक केलं आणि पोरीची कळी खुलली. ती अंघोळ करताना गुणगुणायला लागली. एकदा माझ्याकडे मुद्दाम येऊन, माझी एक मैत्रीण आहे, असं सांगून गेली. मी त्याच संध्याकाळी वहिनीला गाठलं, तर हिचे डोळे सुजलेले. भिंगरीने निळ्या शाईला सांगितलं होतं की शाळेत तिच्याशी कुणी बोलत नाही, मधल्या सुट्टीत ती जिन्याखाली एकटी बसून डबा खाते, आणि आईला सांगत नाही कारण आई आधीच दमून आलेली असते. हे वहिनीला आई म्हणून कधी कळलं नसतं, आणि आता कळलं होतं तर आई म्हणून बोलायची सोय राहिली नव्हती. ती मैत्रीण होऊन लेकीची समजूत काढत होती. मला वाटतं, तिलाही ते सोडवत नव्हतं.

मी दोघांनाही सांगितलं की हे आता पुरे करा. दादा म्हणाला, फक्त शेवटची पायरी राहिली आहे. निळ्या शाईने भेटायला बोलवायचं आणि बघायचं, जाते का.

ती गेली. शाळेचं काम आहे असं घरी सांगून, केस नीट विंचरून, गुंडाळलेलं चित्र हातात घेऊन वाचनालयाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. दादा फाटकाआडून बाहेर आला आणि तिथेच रस्त्यावर त्याने तिला समजावलं. ओरडला नाही. कामावर बोलतो तसं बोलला, कुठे चुकलीस आणि काय करायला हवं होतंस. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, निळी शाई कधी येणार? दादाने सांगितलं की अशी कुणी मुलगी नाहीच, ते आम्हीच होतो.

घरी आल्यावर ती वहिनीसमोर जाऊन उभी राहिली.

"जिन्याखालचं तुला माहीत होतं?"

वहिनीने होकारार्थी मान हलवली.

"मग तू शाळेत आली का नाहीस?"

तक्रार विभागातली सगळी वाक्यं वहिनीला तोंडपाठ होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही. आणि आमचा शहाणा काय म्हणाला, तर मी पुन्हा कधीही तपासेन, आणि सांगून तपासणार नाही, हे लक्षात ठेव. त्याला धरून गदागदा हलवावंसं मला वाटलं. हलवलं नाही, पण जे बोलायचं ते बोलून घेतलं.

त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी तोंड उघडलं नाही. वहिनी शाळेत जाऊन बाईंना भेटून आली, पण भिंगरीने तिच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. नवराबायकोचं बोलणंही कामापुरतं उरलं. दादाला वाटत होतं, पोरगी शहाणी झाली. शहाणी कसली, ती मिटून गेली होती.

मग एका दुपारी ती पोहण्याच्या तलावावरून घरी आलीच नाही.

तिला सोडवलं ते पेट्रोल पंपावरच्या एका बाईने. गाडी पेट्रोल भरायला थांबली होती. पुढे एक माणूस, मागे ओल्या केसांची मुलगी. बाईने सहज विचारलं तेव्हा माणूस म्हणाला, माझी मुलगी. त्यावर मुलगी हसली आणि म्हणाली, ते असंच म्हणणार. बाईला ते खटकलं. तिने नळी गाडीतून काढलीच नाही आणि पंपावर सोबत काम करणाऱ्या मुलीला पोलिसांना फोन करायला लावला. माणूस गाडी टाकून पळाला आणि थोड्या अंतरावर पकडला गेला. भिंगरीच्या अंगाला धक्काही लागला नव्हता. हे मी पोलीस ठाण्यात भेटेल त्याला पुन्हा पुन्हा विचारून घेत होते.

तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, फोनवर सगळं उमटतं म्हणता, मग तुम्हाला कळलं कसं नाही? दोन्ही फोन टेबलावर होते. त्या माणसाचा शब्द न्‌ शब्द त्यात होता, मलाही मांजरं आवडतात इथपासून तलावाच्या मागच्या दारापाशी ये इथपर्यंत.

"वाचलं होतं," दादा म्हणाला. "मला वाटलं, नाव बदलून हीच लिहितेय. हिला पोरीशी बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून मी काही म्हटलं नाही."

वहिनी त्याच्याकडे वळली. "मला वाटलं, तू पुन्हा परीक्षा घेतोयस."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. भिंगरीला हळू आवाजात विचारलं, बाळा, अनोळखी गाडीत बसू नये हे तुला माहीत होतं ना?

"माहीत होतं. पण मला वाटलं, बाबांनीच पाठवलंय. म्हटलं, काय बघायचंय ते एकदाचं बघून घेऊ दे. पुढच्या चौकात बाबा उभे असतील असं वाटत होतं. प्रत्येक चौकात बघत होते मी."

दादाने टेबलाची कड धरली आणि तो रडायला लागला. आमची आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. भिंगरी त्याच्याकडे बघत होती, पण खुर्चीवरून उठली नाही.

एक महिला पोलीस पाण्याचा पेला घेऊन आल्या. भिंगरीसमोर वाकून म्हणाल्या, आतल्या खोलीत बसून मला सगळं सावकाश सांग, तुला कुणी रागावणार नाही. भिंगरीने पाणी घेतलं नाही. ती वहिनीकडे वळली.

"आई, या खऱ्या पोलीस आहेत?"

"हो गं बाळा. खऱ्या आहेत."

भिंगरीने आईचा चेहरा निरखला, मग बाबांचा, मग माझा. मग तिने त्या बाईंना विचारलं, "तुमचं ओळखपत्र दाखवाल?"

बाईंनी खिशातून काढून दिलं. तिने ते दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटो त्यांच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि परत दिलं. घरातलं कुणी सोबत हवंय का, असं बाईंनी विचारलं. ती नको म्हणाली आणि त्यांच्याबरोबर आत गेली.