पिसं गळण्याचे दिवस

"अरे कुशाबा, नीट धर की! मानेखाली हात घाल. नुसता बघतोस काय?"

कंपाउंडर शामरावांनी दोन बोटांत तारली धरली होती. कुशाबाने पक्ष्याला गुडघ्यांत आवळलं आणि चोच फाकवली. शामरावांनी मासा डोक्याकडून आत लोटला, वरून गळा चोळला. पक्ष्याने डोळे मिटले. मग अंग आकसून त्याने सगळं कुशाबाच्या खाकी पँटवर ओकून टाकलं.

"झालं! काढ पुढची," शामराव म्हणाले.

"राहू द्या ना वाईच."

"राहू द्या म्हणे! मेला तर शेटला तोंड कोण दाखवणार, तू?"

परळच्या त्या खासगी दवाखान्यात कुत्री यायची, टांग्याचे घोडे यायचे. पेंग्विन कधी आला नव्हता. मलबार हिलच्या एका शेटने तो आफ्रिकेकडून आलेल्या बोटीवरच्या खलाशाकडून विकत घेतला होता. ड्रायव्हर सांगत होता, आधी महिनाभर अधाशासारखा खायचा, फुगून नुसता माठ झाला होता. मग एकाएकी त्याने खाणं टाकलं. आठ दिवस वाट बघून शेटने त्याला इकडे पाठवला.

गुडघ्यापेक्षा थोडा उंच, माणसासारखा दोन पायांवर उभा. पहिल्या दिवशी तो गाढवासारखा ओरडला तेव्हा समोरच्या चाळीतल्या बायका गॅलरीत आल्या. "काय हो कुशाबा, धोब्याचं गाढव आणलंय काय औषधाला?" त्यानंतर मात्र तो ओरडला नाही. कोपऱ्यात, खांदे पाडून, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. पिसांचे पुंजकेच्या पुंजके गळत होते.

डॉक्टर प्रधानांनी तपासून सांगितलं, उष्णतेने झालंय. दिवसातून तीनदा जबरदस्तीने खायला घाला, दोनदा हौदात सोडा. पाण्यातला पक्षी आहे, पाण्याने बरा होईल.

चार दिवस तेच चाललं होतं. हौदातून काढला की तो गोणपाटासारखा चिंब भिजलेला असायचा आणि कितीतरी वेळ कापायचा. कुशाबा त्याला पंच्याने पुसायचा. पुसताना त्याला बायकोची, सुंदराची पाठ आठवायची. शेवटी शेवटी तीही अशीच हाताला लागायची.

सुंदराला जाऊन अडीच महिने झाले होते. दिवाळीच्या आधी तिने खाणं सोडलं. कुशाबा कामावरून आला की पेज करायचा आणि वाटी घेऊन उशाशी बसायचा. "नको हो," ती म्हणायची. तो म्हणायचा, "दोन घास घे, माझ्यासाठी घे." मग ती भिंतीकडे तोंड करायची. तो हनुवटी धरून तिचं तोंड वळवायचा आणि चमचा दातांमधून आत लोटायचा. पेज गळ्यापर्यंत जाऊन परत यायची. शेवटच्या दिवशी त्याने तीनदा घातली. शेजारणी म्हणाल्या, नवरा असावा तर असा. त्याने काही कमी ठेवलं नव्हतं. तरी आता झोपताना त्याच्या बोटांना तिची हनुवटी आठवायची.

पाचव्या दिवशी मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशी बातमी आदल्या रात्री रेडिओवरून आली होती. सकाळी लालबागकडून गोळीबाराचे आवाज आले, दुपारी संचारबंदी लागली. डॉक्टर दादरला अडकले, शामराव ठाकूरद्वारला. कुशाबाची खोली दवाखान्याच्या मागच्याच अंगाला. जनावरांजवळ तो एकटा उरला.

निघण्याआधी शामराव धावतपळत सांगून गेले होते, "मासळी बर्फात आहे. एक वेळ चुकवू नकोस. काय झालं तर तुझ्यावर येईल, सांगून ठेवतो."

कुशाबाने बादली घेतली, पक्ष्याजवळ उकिडवा बसला. पक्ष्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. कुशाबाचा हात चोचीपर्यंत गेला आणि थांबला.

गळ्याखालचं एक जुनं, विटकं पीस त्याच्या बोटाला चिकटून निघालं. त्याखाली आखूड, दाट, काळंभोर नवं पीस होतं. त्याने आणखी एक पुंजका बाजूला केला. तिथेही तेच. जुनं गळत नव्हतं, खालचं नवं त्याला ढकलत होतं.

गावाकडे सुंदराने कोंबड्या पाळल्या होत्या. वर्षातून एकदा त्या पिसं गाळायच्या, खाणं कमी करायच्या. कुशाबाची आई म्हणायची, रोग आला, कापा. सुंदरा म्हणायची, त्यांना कुणी हात लावू नका, पंधरा दिवसांनी बघा.

"बरं," कुशाबा पक्ष्याला म्हणाला. "न्हाई घालत."

त्याने मासे परत बर्फात ठेवले आणि हौदाकडे जाणारी वाट फळी लावून बंद केली.

सहा दिवस तो रोज पिसं झाडायचा आणि दूर बसून बघायचा. बाहेर आरडाओरड व्हायची, पळापळ व्हायची, मध्येच सगळं चिडीचूप व्हायचं. पक्षी उभाच. रोज थोडा बारीक होत होता. चौथ्या दिवशी छातीचं हाड दिसायला लागलं तेव्हा कुशाबाचा धीर सुटला. त्याने एक तारली आणून चोचीसमोर धरली, दुसरा हात मानेमागे नेला. मग स्वतःच मागे सरकला. आपल्या हट्टापायी हा मेला तर? नोकरी जाईल ते जाईल. पण मग सुंदराला छळलं आणि याला उपाशी मारला, असं दोन्हीकडून होईल.

संचारबंदी उठल्यावर डॉक्टर आले. पक्ष्याला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"निम्मा झालाय हा! खायला घातलंस ना?"

"न्हाई."

"आणि हौद?"

"न्हाई सोडला, साहेब. त्याला नको हुतं."

"त्याला नको होतं म्हणजे? ते तू ठरवणार?"

"डॉक्टर, मी सांगून गेलो होतो!" शामराव मागून म्हणाले. "जाताना बजावलं होतं, विचारा त्याला."

खाली बसून कुशाबाने पक्ष्याच्या पाठीवरून हात फिरवला. जुनं पीस मानेजवळ तेवढं उरलं होतं. बाकी पाठ शिसवी लाकडासारखी चकचकीत काळी दिसत होती. डॉक्टरही बसले, चष्मा वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "दोन दिवस बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी पक्षी आपणहून फळीपाशी गेला आणि चोचीने ठोकायला लागला. कुशाबाने फळी काढली. पक्षी हौदात उतरला, बुडाला, पलीकडे निघाला. अंगावरून पाणी निथळून गेलं, पिसं कोरडी ती कोरडीच. मग तो मान वर करून गाढवासारखा ओरडला. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी हसलं.

पहिली तारली त्याने कुशाबाच्या हातातून घेतली, पाठोपाठ सात.

"पिसं बदलेपर्यंत तो पाण्यात जाऊ शकत नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. रात्री त्यांनी पुस्तकं धुंडाळली होती. "जुन्या पिसांतून पाणी आत शिरतं. पाण्यात जायचं नाही म्हणजे मासा मिळायचा नाही. म्हणून आधी खाऊन घेतो आणि अंगावरच्या चरबीवर दिवस काढतो. आपणच त्याला मारत होतो, कुशाबा."

कुशाबा बादलीत बघत होता.

"साहेब, माणसाचं असं असतंय का? म्हंजे, खायाचं सोडलं, आन् आपून नुसतं राहू दिलं, तर?"

सुंदराच्या आजारपणात डॉक्टर त्याच्या घरी दोनदा येऊन गेले होते. काय विचारतोय ते त्यांना कळलं.

"नाही. त्यांचा रोग पोटातला होता. तू घातलंस म्हणून गेल्या नाहीत. नसतं घातलंस तरी राहिल्या नसत्या."

"ती नको म्हणत हुती."

डॉक्टर आत गेले.

बादलीत एक तारली उरली होती. कुशाबाने ती डोक्याकडून पुढे धरली. पक्ष्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. कुशाबाने हात मागे घेतला.