मुंगीची तालीम

“सर, पलीकडच्या शाळेत ऑटिझमची इतकी मुलं सापडतात आणि आमच्या शाळेत एकही नाही. आमच्या पाण्यात काही खास आहे का?”

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही माझा आवाज घशात अडकायचा. यंदा वादविवादात बक्षीस मिळालं आणि माझं नाव पडलं भोंगा. भोंगा मागे हटतो होय? सगळं सभागृह खो खो हसलं. पेन्सिलने, म्हणजे माझ्या काडीसारख्या मैत्रिणीने, माझी बाही ओढली. “जिंकलीस बाई, आता बस!”

पाहुणे म्हणून आलेले, शाळाशाळांतली मुलं तपासणारे डॉक्टर मात्र हसले नाहीत. “पाणी तेच आहे,” ते म्हणाले. “तिथले पालक मूल जसं आहे तसं आणतात. इथली मुलं घरून उत्तरं पाठ करून येतात. आम्हाला एका मुलामागे काही मिनिटं मिळतात. पोपटासारखी उत्तरं आली की आम्हीही ‘ठीक’ म्हणून मोकळे. आकडा कमी म्हणजे मुलं कमी, असं नसतं, बाळ.”

मी बसले. भोंग्याची वीजच गेली.

कारण पाठ करून गेलेली एक मुंगी आमच्याच घरात होती. माझी धाकटी बहीण, दुसरीतली. भिंतीला धरून चालते म्हणून मुंगी. घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली. तिच्या बाईंनीच तपासणी सुचवली होती. ऑटिझम निघाला तर वर्गात शेजारी बसायला मदतनीस ताई मिळते, नाही तर नाही.

“माझ्या पोरीला काही झालेलं नाही,” आई म्हणाली होती. “लाजाळू आहे जरा. एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसत बसा!”

मग रोज जेवणाच्या टेबलाशी तालीम. बाबा डॉक्टर व्हायचे. चष्मा नाकाच्या टोकावर आणि आवाज जाडा. “काय गं, मैत्रिणीचं नाव काय?” मुंगीला मैत्रीणच नाही, म्हणून तिने पेन्सिलचं नाव सांगायचं. डोळ्यांत बघवत नाही, तर आईने युक्ती काढली, भुवयांच्या मधोमध बघ. बाबांनी तिथे शाईचा ठिपकाच काढला. आम्ही हसून हसून लोळलो. मुंगी हसली नाही. ठिपक्याकडे बघत तिने सगळी उत्तरं बरोबर दिली.

तपासणीतही दिली. “गुणी आहे मुलगी,” म्हणून तिला सोडलं. आईचे पाय जमिनीवर ठरेनात.

तेव्हापासून मुंगी बोलेनाशी झाली. शाळेतून आली की पलंगाखाली. डबा जसाच्या तसा परत. जणू होते नव्हते ते सगळे शब्द त्या एका दिवसात खर्चून बसली.

कार्यक्रम संपल्यावर मी डॉक्टरांना जिन्यात गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ऐकायला ते पायरीवर थांबले.

“पुन्हा तपासायचं तर आई-बाबांना यावं लागेल. आले तरी आता पुढच्या वर्षीच नंबर लागेल. तोवर मदतनीस नाही.”

“पण मी सांगतेय ना!”

“तू खरं सांगतेयस. पण तुझ्या शब्दावर मला काही करता येत नाही.”

घरी आई ताटं मांडत होती. “भोंगा आज गप्प? जीभ शाळेत विसरलीस का?” बाबा म्हणाले. मी सगळं सांगितलं.

“चारचौघांत बोललीस?” आईच्या हातातली वाटी तशीच राहिली.

“चारचौघांत नाही, जिन्यात.”

“पुढच्या वर्षीपर्यंत तिला सगळं जमेल गं. अजून थोडी तालीम केली की...” बाबांनी सवयीने चष्मा खाली सरकवला. “काय गं, मैत्रिणीचं नाव काय?”

मुंगी पलंगाखालून बाहेर आली. शहाण्यासारखी उभी राहिली. बाबांच्या भुवयांच्या मधोमध बघितलं, तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. तरी ती तोंड उघडं ठेवून उभीच. चुकली तर पुन्हा करावं लागतं, हे तिला पाठ होतं.

मी जाऊन तिच्या आणि बाबांच्या मध्ये उभी राहिले.

“आई, बाबा, आजपासून तालीम बंद. उद्या शाळा सुटली की मी डॉक्टरांकडे जाणार. तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तर ते मला परत पाठवतील, ठाऊक आहे मला. परवा पुन्हा जाईन.”